ओसरी कुणाच्या हिशेबात?

(खाली बोलणाऱ्या या दोघांपैकी माझी बाजू कोणती, हे मला ठरवता आलेलं नाही. सकाळी तेलंगणातल्या आदिलाबादहून जैनथकडे निघालो की मी पहिलीच्या बाजूचा असतो. भर दुपारी परत निघालो की दुसऱ्याच्या.)

उत्साही : काका, समजा उद्या जैनथला मंडलाची नवी कचेरी बांधायची ठरली. ती कशी दिसेल हे न बघताच सांगता येतं. समोर निळी काच, काचेभोवती चकाकते पत्रे, साहेबांच्या खोलीला एसी, बाकीच्यांना पंखे. दोन उन्हाळे गेले की गच्चीवर पत्र्याची शेड, कारण स्लॅब तापून वरच्या मजल्याची भट्टी झालेली असते. पैनगंगेच्या या काठावर मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला भिडतो आणि जानेवारीत पहाटे शेकोटीशिवाय भागत नाही. अशा हवेत पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, ती काचेच्या पेटीत राहिली नाहीत. जाड भिंत, मधे चौक, पुढं ओसरी, कवेलूखाली माळा, पश्चिमेला खिडकी नाही. मला तेच कचेरीत हवं आहे, संगणक आणि सोलरसकट. आणि हे काही स्वप्न नाही. हैदराबादला हायटेक सिटीजवळ सीआयआयचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर आहे. वास्तुकार करण ग्रोव्हर. २००४ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनातलं प्लॅटिनम अमेरिकेबाहेर मिळवणारी ती पहिली इमारत. गोल आराखडा, मधे चौक, भिंतींना जाळ्या, छतावर बाग आणि दोन वातमनोरे. मनोऱ्यांतून हवा आधी गार होते, मग यंत्रात जाते, म्हणजे यंत्राला कमी राबावं लागतं. पुण्याला हडपसरमध्ये सुझलॉनचं ‘वन अर्थ’ आहे. तेही प्लॅटिनम. क्रिस्टोफर बेनिंजर यांनी त्याच्या मधल्या चौकाला ब्रह्मस्थान म्हटलं. आपल्या वाड्याचीच कल्पना, फक्त मोठी केलेली.

शंकेखोर : वाड्याची कल्पना मोठी केली की ती वाड्याचीच राहते का, हे नंतर बघू. आधी मला सांग, वातमनोरा आपला कधीपासून झाला? तो इराणातल्या यझ्दचा, नाहीतर सिंधमधल्या हैदराबादचा. तिथं घरोघरी छपरांवर वारा पकडणारे ते त्रिकोणी कान उभे असायचे, त्यांना मंघ म्हणत. त्या हैदराबादची रीत तुम्ही या हैदराबादेत आणलीत. नाव एक, गाव दुसरं. आणली त्याचं वाईट वाटत नाही, चांगलं ते कुठूनही घ्यावं. पण मग तिला ‘आपली परंपरा’ म्हणू नये. शिवाय पाण्यानं गार केलेली हवा मेच्या कोरड्या उन्हात उपयोगी. श्रावणात आठ-आठ दिवस झडी लागते, तेव्हा तीच हवा अंगाला चिकटते. कूलर असलेल्या कुठल्याही घरात विचार, जून उजाडला की वाळ्याच्या तट्ट्या काढून ठेवतात.
आणि परंपरेचं नाव घेतलं की गाडी कुठं जाऊन थांबते, तेही बघ. हैदराबादचं नवं सचिवालय २०२३ मध्ये उघडलं. घुमटच घुमट. म्हणे निजामाबादच्या नीळकंठेश्वराच्या देवळावरून आणि वनपर्तीच्या राजवाड्यावरून स्फूर्ती घेतली. घुमटाखाली कुठल्या खात्याच्या फाइली गार राहतात, मला ठाऊक नाही. लोकांना परंपरा कळते ती टोपीसारखी, डोक्यावर ठेवता आली की झालं.

उत्साही : घुमटाच्या बाजूनं मी एक शब्द बोलणार नाही. टोपी नकोच. पण देवळाकडून शिकायचंच असेल तर निजामाबादपर्यंत कशाला जायचं? जैनथचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघा. काळ्या दगडाचं. वर्षातल्या ठरावीक दिवसांत सकाळचं ऊन नेमकं मूर्तीच्या पायांशी जातं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. जैनथला परमार राजा जगद्देवाच्या काळातला एक शिलालेख सापडला आहे, साधारण बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात लिहिलंय की दाहिमा कुळातल्या लोलार्काच्या बायकोनं, पद्मावतीनं, निंबादित्याचं देऊळ बांधलं. निंबादित्य म्हणजे सूर्यच. तेच हे देऊळ की दुसरं, हा वाद इतिहासवाल्यांचा. मला एवढंच दिसतं की सूर्य कोणत्या दिवशी कुठं असतो याचा हिशेब करून बांधणारी माणसं या गावात होती.
तोच हिशेब मी कागदावर करते. जैनथ विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सत्तर अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला तर चार फुटांची खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात तोच सूर्य सत्तेचाळीस अंशांवर उतरतो, आणि त्याच छज्ज्याखालून खिडकीच्या खालच्या अडीच फुटांत ऊन शिरतं. बाबूंना थंडीत हवं असतं तेव्हाच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर, मग महिना-दोन महिने उत्तरेला कललेला. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दुपारच्या उन्हाची भीती नाही. एक पैसा जास्त नाही, वीज नाही, देखभाल नाही. फक्त इमारत कुठं तोंड करून उभी आहे हे आधी ठरवायला हवं. आपल्याकडे ते कोण ठरवतं? रस्ता. मुख्य रस्ता पश्चिमेला असेल तर काच पश्चिमेला.

शंकेखोर : छज्ज्याचं मान्य. हे असं काही सांगितलंस की वाद घालायला जागा उरत नाही. देवळाचं मात्र मान्य नाही. गाभारा गार असतो, कारण तो अंधारा असतो. देवाला काही अर्ज वाचायचा नसतो. मी तीस वर्षं कचेरीत काढली. पहाणीतला सर्व्हे नंबर तीन आहे की आठ, हे ओळखायला उजेड लागतो, आणि उजेड आला की त्याच्याबरोबर ऊनही येतं. जुन्या वाड्यांच्या आतल्या खोल्यांत दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागायचा. तिथं धान्य ठेवत, बाळंतीण ठेवत. हिशेब लिहायला माणूस ओसरीवरच येऊन बसायचा.
दुसरं, जाड भिंत. जाड भिंतीचं कौतुक करताना किल्लारीचा भूकंप विसरू नकोस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे. लोक झोपेत होते. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद. गळू नये म्हणून दरसाल वर मातीचा थर चढवत गेलेले. एका हादऱ्यात ती सगळी माती अंगावर आली. हजारो माणसं गेली. त्यानंतर त्या भागात कुणाला जुन्या घराचा गारवा सांगून बघ.

उत्साही : किल्लारी कोण विसरेल? पण तिथं काय चुकलं, तेही त्याच वेळी अभियंत्यांनी लिहून ठेवलं. भिंत बाहेरून आणि आतून दगडी दिसायची, मधे भर, आणि दोन्ही बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसल्यावर भिंतीची दोन पुडं झाली. आरपार दगड आणि छपराखाली काँक्रीटचा पट्टा घातला, वरचं ओझं उतरवलं, की जाड भिंत उभी राहते. मी दगडमातीची भिंत म्हणतही नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र इथून फार लांब नाही. त्याच्या राखेच्या विटा मिळतात. दोन विटांच्या थरांत पोकळी ठेवली की दीड हाताच्या भिंतीचं काम एका हातात होतं. चुन्याला तोटा नाही, आदिलाबादला सिमेंट कॉर्पोरेशननं कारखाना काढला तो इथल्या चुनखडीसाठीच, मग तो बंद पडला ही गोष्ट वेगळी. पायाचंही जुनं शहाणपण आहे. आपल्याकडे शेत काळीत आणि गाव पांढरीवर, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरची भिंत चिरते. आता सरकारी जागा मिळते ती बहुधा गावाबाहेर, म्हणजे काळीतच. मग खाली फुगवट्याचे खांब घाला, मुरूम भरा. उपाय आहेत.
आणि भिंतीबद्दल तुम्हाला एक गंमत सांगते, मला ती फार उशिरा उमगली. जाड भिंत दुपारचं ऊन पिते आणि आठ-दहा तासांनी आत सोडते. म्हणजे रात्री. म्हणूनच मेमध्ये जुन्या घरात आत झोपवत नसे, बाजा अंगणात निघायच्या. घराची ती उणीव होती. पण कचेरी पाच-सहाला सुटते! भिंत तापलेली सोडायला लागते तेव्हा आत कुणीच नसतं. रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या, पहाटेची हवा आत खेळू द्यायची, सकाळी साडेदहाला कुलूप निघेपर्यंत भिंत पुन्हा गार. वाड्याची भिंत घरापेक्षा कचेरीलाच जास्त साजते.

शंकेखोर : वा! ही गोष्ट मला आवडली, आणि हिच्यातच तू अडकलीस. रात्री खिडक्या उघड्या कोण ठेवणार? कचेरीत रेकॉर्ड आहे, संगणक आहेत, शिक्के आहेत. संध्याकाळी खिडक्या लावून कुलूप घातलं की नाही, यावर माणसं निलंबित झालेली मी पाहिली आहेत. तू म्हणतेस उघडी ठेवा. बरं, जाळी लावली, गज लावले. अवकाळी आला तर धावत जाऊन लावणार कोण? पहाटे पाचला उठून बंद करणार कोण? चौकीदाराचं पद मंजूर असतं, माणूस नसतो.
वाड्यात माणूस होता. हेच तुम्ही नकाशावर काढत नाही. वाळ्याच्या तट्ट्यांवर दर तासाला पाणी मारणारा होता. दोरीनं पंखा ओढणारा होता. अंगण शिंपणारी, भिंती सारवणारी, दर पावसाळ्याआधी छपरावर चढून कवेलू फेरणारा होता. यातल्या कितीजणांना मजुरी मिळत होती? वेठ होती ती. या तेलंगणातल्या देशमुखांच्या गढ्या काय कमी गार होत्या? ऐसपैस चौक, सागाचे खांब. १९४६ पासून नलगोंडा-वरंगळकडे लोक उठले ते त्या गढ्यांवरच. तू ज्याला निसर्गाचा गारवा म्हणतेस, तो हातांचा गारवा होता.
आणि चौक, ओसरी, सोपा ही नुसती सावलीची व्यवस्था नव्हती. कुणी कुठवर यायचं, याची ती मोजपट्टी होती. एक जात अंगणाबाहेर, एक अंगणात, एक पायरीवर, एक सोप्यावर. सरकारी कचेरी ही निदान कागदावर तरी अशी जागा आहे, जिथं सगळ्यांना एकाच दारातून आत जाता येतं. तिला तू पुन्हा वाड्याचा आकार द्यायला निघालीस.

उत्साही : हे मी कधी अशा तऱ्हेनं पाहिलं नव्हतं. पण काका, एक सांगा, काचेच्या कचेरीत ही मोजपट्टी गेली का? साहेबांची केबिन चोवीस अंशांवर, बाबूंच्या हॉलमध्ये पंखे, आणि अर्जदार बाहेर लिंबाखाली. अंगण, पायरी, सोपा, तीच उतरंड. आता ती थर्मामीटरवर वाचता येते, एवढंच. आणि पंखा ओढणारा गेला म्हणता, पण तो गेलेला नाही, लांब गेला आहे. तो बेल्लमपल्लीकडे सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणीत आहे, चंद्रपूरच्या राखेत आहे. आपल्याला तो दिसत नाही, म्हणून एसी स्वच्छ वाटतो.
माझं म्हणणं उलट आहे. उतरंड काढायची असेल तर सगळ्यांना एका छपराखाली, एकाच हवेत आणा. सगळी कचेरी एसीनं गार करायला पैसा नाही, म्हणून तर एका खोलीपुरता एसी येतो. पण छज्जा, पोकळ भिंत, उंच छत, गच्चीवर मडक्यांचा थर आणि त्यावर चायना मोझॅक, मोठे पंखे, हे सगळ्यांसाठी करता येतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या लोकांनी देशभरच्या कार्यालयांत माणसांना विचारून एक सूत्र काढलं आहे. बाहेरची सरासरी पस्तीस असेल, तर खिडक्या-पंख्यांवर चालणाऱ्या कचेरीत साडेएकतीस-बत्तीसला माणसाला बरं वाटतं. चोवीसची गरज नाही. तेवढं जुन्या युक्त्यांनी, सगळेच दिवस नाही म्हणत मी, पण वर्षातले बरेचसे दिवस गाठता येतं. नवतप्याच्या नऊ दिवसांसाठी लावा कूलर.

शंकेखोर : बत्तीसला बरं कुणाला वाटतं? जो सकाळी साडेदहापासून आत बसलेला आहे त्याला. जो भर दुपारी ऑटोच्या टपाच्या सावलीत चेपून पैनगंगेकाठच्या गावातून आलाय, त्याला तुमच्या सूत्रात विचारलं होतं का?
तू दिलेली नावं मी मघापासून मनात घोळवतोय. गोदरेज सेंटर, सुझलॉन, आणि तू बोलली नाहीस ते दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन. २०१४ चं, सरकारी, मधे चौक, जाळ्या, वर ९३० किलोवॉटचं सोलर, जेवढी वीज वापरेल तेवढी बनवील अशा हिशेबानं बांधलेलं. चांगलीच असतील. पण या तिन्हींच्या दारात पास दाखवावा लागतो. तिथं आत जातो तो कामाला असतो, नाहीतर बोलावलेला. मंडलाच्या कचेरीत गर्दी असते ती न बोलावता आलेल्यांची. २०२० मध्ये जमिनीच्या नोंदींचं ‘धरणी’ पोर्टल आलं तेव्हापासून शेतजमिनीची रजिस्ट्री तहसीलदाराच्याच कचेरीत. विकणारा, घेणारा, दोन साक्षीदार, बरोबर एखादी म्हातारी सही करायला. म्हातारीचा अंगठा यंत्रात उमटत नाही, आयुष्यभर कापूस वेचून रेषाच गेलेल्या असतात. पदराला पुसून पुन्हा लावते, तिसऱ्यांदा लावते, मग ‘बाहेर बसा, सर्व्हर आला की बोलावतो’. ती मराठीत काय म्हणाली ते बाबूला कळलेलं असतं, तो तेलुगूत काय म्हणाला ते तिलाही कळतं, त्यात अडत नाही. अडतं ते ‘बाहेर बसा’ म्हणजे कुठं, यावर.
आता तुमच्या हरित हिशेबाकडे ये. वीज मोजता कशी? दर चौरस मीटरला वर्षाला इतके युनिट. ताऱ्यांचं मानांकनही त्यावरच. ती म्हातारी चौरस मीटरच्या बाहेर बसली आहे. ती उन्हात बसल्यानं इमारतीचा एक युनिटही वाढत नाही. उलट ती आत आली, पंख्याखाली आली, तर आकडा बिघडतो. काचेची असो की वाड्याची, माणसं बाहेर ठेवणारी इमारत तुमच्या मोजमापात हुशार ठरते.

उत्साही : (यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, हे इथं नोंदवायला हवं. वाद जिंकणारा शंकेखोर मला एरवी आवडत नाही, पण हा आकडा त्याचा होता.) मग मी तुमच्याच बाजूनं विचारते. ओसरी घ्यायची, तिची पायरी काढून टाकायची. पुढं दहा फूट रुंद, कचेरीच्या सबंध लांबीची, जमिनीशी सपाट, व्हीलचेअर थेट चढेल अशी. वर कवेलू, खाली तांडूरची फरशी, भिंतीला लागून बसायचा ओटा, पिण्याच्या पाण्याचे माठ सावलीत. खिडक्या ओसरीतच उघडायच्या, म्हणजे अर्ज घेणारा आणि देणारा एकाच हवेत. चौक नकोच. चौक आत वळतो, ओसरी गावाकडे बघते. वाड्यातून एवढंच घ्यायचं, बाकीचं सोडून द्यायचं. आणि पश्चिमेला ओसरी घेतली तर संध्याकाळचं तिरकं ऊनही तिच्यातच जिरतं, भिंतीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे माणसाची सोय आणि विजेची बचत, एकाच छपराखाली.

शंकेखोर : म्हणजे दुपारी तीननंतर म्हातारीच्या अंगावर ऊन, आणि भिंत गार.

उत्साही : पश्चिमेला नको मग. पूर्वेला. नाहीतर दोन्हीकडे, आणि पश्चिमेला लिंबाची रांग.

शंकेखोर : लिंबं वाढायला दहा वर्षं लागतील, तोवर ताटवे बांध, चालेल. कवेलूवर वानरं नाचतात, दरसाल फेरावे लागतील. त्याचा खर्च कुठल्या हेडखाली टाकशील ते बघ. पण ही ओसरी मला पसंत आहे. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वास्तुकाराचा नकाशा पसंत पडला म्हण. आता टेंडरकडे ये. मंजुरी देणारा माणूस दोन आकडे बघतो. एकूण खर्च किती, आणि वापरायला जागा किती मिळाली. एकाला दुसऱ्यानं भागतो. शेजारच्या मंडलाच्या काचेच्या कचेरीपेक्षा दर जास्त आला की फाइल परत. तुझी जाड पोकळ भिंत आणि दहा फुटांची ओसरी, दोन्हींना खर्च आहे. जागा म्हणून त्या मोजल्या जातील?

उत्साही : कार्पेट एरियात बाहेरच्या भिंतींची जाडी धरत नाहीत.

शंकेखोर : आणि ओसरी?

उत्साही : ओसरीही धरत नाहीत.